एअरलॉकच्या दाराची पुन्हा पुन्हा होणारी गळती: लक्षणं, तपासण्या आणि कुठं थांबायचं

ही नोंद चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, शॅकल्टन विवराच्या काठावरच्या आपल्या वस्तीतल्या मातीखालच्या घरांसाठी आहे. म्हणजे ज्या घरांना स्वतःचं छोटं एअरलॉक (घर आणि बाहेरचा निर्वात यांच्यामधली दोन दारांची खोली) आहे, आत ७० किलोपास्कल दाब आणि साडेसव्वीस टक्के ऑक्सिजन असतो, अशा घरांसाठी. रोव्हर आत येतात त्या सामाईक मोठ्या लॉकला यातलं काही लागू करू नका, त्याची यंत्रणा वेगळी आहे.

दारांची कामं मी करते. माझ्याकडे सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार एकच: "ताई, नायट्रोजन परत जास्त लागतोय." दार आवळलं की चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. दुरुस्ती अवघड आहे असं नाही. धूळ सीलमध्येच, म्हणजे दाराच्या कडेच्या रबरातच राहते आणि तिच्यावर दार आणखी जोरात दाबलं जातं, म्हणून ती गळती परत येते. खाली जे सांगते आहे त्यातल्या दोन गोष्टी धरून ठेवा. गळती दाबाच्या काट्यावर नको, नायट्रोजनच्या मीटरवर शोधा. आणि सील साफ केल्याशिवाय दार आवळू नका.

लक्षणं

नायट्रोजनचा मीटर, म्हणजे घरात किती नायट्रोजन भरला गेला ते दाखवणारा, रोज रात्री थोडा थोडा पुढे सरकतो, आणि घरातलं कुणी बाहेर जाऊन आलं की त्या रात्री जास्त सरकतो. भरणीचा व्हॉल्व्ह ठरावीक अंतरानं टक् असा वाजतो. दिवसा पंखे आणि माणसांच्या आवाजात ते कळत नाही, रात्री अंथरुणावर पडल्यावर कळतं. आतल्या दाराचा दांडा शेवटच्या पाव फेऱ्यात जड लागतो आणि करकरतो. सीलच्या कडेला राखाडी रेघ दिसते, बहुतेक वेळा खालच्या बाजूला, उंबऱ्याशी. लॉक रिकामं असताना सीलपाशी टिश्यूची पातळ पट्टी धरली तर एखाद्या जागी ती फटीकडे ओढली जाते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर ही नोंद तुमच्यासाठी आहे. एकटं दाबाचं कमी होणं हे लक्षण धरू नका, त्याचं कारण पुढे येतं.

काहीही न तपासता निघायचं कधी

कानात दडे बसायला लागले, सुं-सुं असा आवाज ऐकू आला, किंवा दाबाचा आकडा तासाला अर्ध्या किलोपास्कलपेक्षा जास्त वेगानं उतरताना दिसला, तर मुलांना उचला, शेजारच्या खंडात जा, मधलं दार लावा आणि तिथून आपत्कालीन कक्षाला कळवा. सामान घ्यायला परत जाऊ नका. शंभर घनमीटरच्या घरात तासाला अर्धा किलोपास्कल म्हणजे मिलिमीटरहून मोठं छिद्र. धुळीची गळती इतकी मोठी नसते, हे दुसरं काहीतरी आहे.

आकड्यांचा अंदाज असलेला बरा. आपल्या दाबाला एक मिलिमीटरच्या स्वच्छ छिद्रातून दिवसाला साधारण दहा किलो हवा निर्वातात जाते. केसाएवढ्या, म्हणजे ७० मायक्रॉनच्या छिद्रातून जेमतेम ५० ग्रॅम जाते. शंभर घनमीटरच्या घरात एकूण हवाच ऐंशी-ब्याऐंशी किलो असते. त्यामुळे पहिलं छिद्र म्हणजे धोका, आणि दुसरं म्हणजे खर्च. ऑक्सिजन इथल्या मातीतून काढता येतो, कारण चंद्राच्या मातीत वजनानं चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच आहे. नायट्रोजन मात्र मातीत नावापुरता आहे, तो पृथ्वीवरून येतो. गळतीचं बिल मोठं येतं ते यामुळे.

पहिली तपासणी: गळती आहे का?

हिला पैसे लागत नाहीत, हत्यारं लागत नाहीत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी इथंच मिटतात.

आधी तापमान पाहा. बंद घरातली हवा गार झाली की दाब उतरतो. रात्री थर्मोस्टॅट २४ वरून २० अंशांवर आणलात तर ७० किलोपास्कलमधले जवळजवळ ०.९ कमी होतात, एक रेणूही बाहेर न जाता. आता यंत्रणा काय करते? ऑक्सिजन ती ऑक्सिजनच्या सेन्सरवर भरते आणि एकूण दाब नायट्रोजननं सांभाळते. म्हणजे ही तूट ती नायट्रोजननं भरून काढते, आणि शंभर घनमीटरच्या घरात मीटर एका झटक्यात किलोभर पुढे जातो. सकाळी मीटर बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण हे एकदाच होतं. दुसऱ्या रात्री तापमान तेवढंच उतरतं, भरलेला नायट्रोजन आतच असतो आणि मीटर हलत नाही. खरी गळती रोज रात्री मागते. म्हणून तपासणीच्या दिवसांत थर्मोस्टॅटला हात लावू नका, आणि मीटर रोज एकाच वेळी, खोली एकाच तापमानाला असताना वाचा.

मग माणसं मोजा. एक माणूस दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम ऑक्सिजन वापरतो, आणि त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड गाळणी काढून घेते. ऑक्सिजनची भरणी बंद पडली किंवा मंदावली तर चार माणसांच्या घरात फक्त श्वासामुळे दिवसाला अडीच किलोपास्कल दाब कमी होऊ शकतो. गणपतीत पाहुणे मुक्कामाला आले आणि घरात दहा माणसं झोपली की तोच आकडा सहाच्या पुढे जातो. म्हणून दाबाच्या काट्यावरून गळती ठरवायची नाही. शरीर ऑक्सिजन वापरतं, नायट्रोजन वापरत नाही. नायट्रोजन रोज कमी होत असेल तर तो भिंतीपलीकडे जातो आहे.

इथंच सगळ्या नोंदीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा पाहायचा: ऑक्सिजनचा स्वतःचा दाब. तो साडेअठरा किलोपास्कलच्या आसपास हवा. नायट्रोजनचा मीटर चढतो आहे आणि ऑक्सिजन उतरतो आहे, असं दोन्ही एकदम दिसलं तर दार सोडून द्या. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह अडकला आहे, आणि तुम्ही वापरलेल्या ऑक्सिजनची जागा यंत्रणा नायट्रोजननं भरते आहे. एकूण दाब व्यवस्थित दिसतो, अलार्म गप्प असतो आणि माणसाला गुंगी येते. अशा वेळी घर सोडा आणि बाहेरून फोन करा. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हची दुरुस्ती घरच्या माणसानं करायची नाही.

दुसरी तपासणी: एक रात्र लॉक भरून, एक रात्र रिकामं

ही युक्ती फुकट आहे, आणि तिच्याइतकी माहिती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही.

पहिल्या रात्री बाहेरचं दार बंद करून लॉक पूर्ण भरा, आतलं दारही लावा आणि झोपा. आतल्या दाराच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब असतो, त्यामुळे आतलं सील कितीही खराब असलं तरी तिथून हवा जायला कारणच उरत नाही. झोपण्याआधी आणि उठल्यावर दोन आकडे लिहा: घरातल्या नायट्रोजनचा मीटर आणि लॉकच्या आतला गेज. दुसऱ्या रात्री लॉक रिकामं ठेवून घरातल्या नायट्रोजनचा मीटर तसाच वाचा.

लॉक रिकामं असताना नायट्रोजन जातो आणि भरलेलं असताना जात नाही, तर दोष आतल्या दारात किंवा त्याच्या समदाब व्हॉल्व्हमध्ये (घर आणि लॉक यांचा दाब सारखा करणाऱ्या) आहे. हे तुमच्या आवाक्यातलं काम आहे, पुढे वाचा. भरलेल्या रात्री लॉकचा गेज उतरला, तर बाहेरचं दार किंवा लॉकचा रिकामं करायचा व्हॉल्व्ह गळतो आहे. तिथं तुमचं काम संपलं, मेंटेनन्सला बोलवा. आणि लॉकचा गेज जागचा हलला नाही तरीही घरातला नायट्रोजन गेला, तर गळती दाराची नाहीच. भिंतीतून जाणारी एखादी पाइप, केबल किंवा सांडपाण्याचा सांधा गळतो आहे. त्यासाठी घर उघडावं लागतं. तेही मेंटेनन्सचं काम.

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि सरळ सील बदलायला घेतात. नवं सील पृथ्वीवरून येतं. ते बसवून झाल्यावर दोष बाहेरच्या दारात होता असं कळलं तर पैसेही गेले आणि गळतीही तशीच राहिली. दोन रात्री थांबा.

तिसरी तपासणी: दारात काय अडकलंय?

दार पूर्ण उघडा. सगळे खटके एकेक करून हातानं फिरवून बघा, प्रत्येक शेवटपर्यंत जातो का ते पाहा. मग टॉर्च सीलला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात प्रत्येक कण सावली टाकतो. सूटचा पट्टा, मोज्याचा धागा, लांब केस: हे मला वारंवार सापडतं. केस ७० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि सीलवर आडवा पडला तर त्याच्या दोन्ही कडांना फट राहते. लहान मुलं असलेल्या घरांत रांगोळीचा कण आणि बिस्किटाचा चुराही निघतो. भाताचं शीत कुकरच्या रिंगवर राहिलं तर कितीही घट्ट झाकण लावलं तरी वाफ त्याच जागेवरून निसटते, तसंच हे.

आता समदाब व्हॉल्व्ह. आतल्या दारावर मधोमध असलेली ती लहान चकती घर आणि लॉक यांचा दाब सारखा करते. लॉकमधली धुळीची हवा तिच्यातून जाते, त्यामुळे तिच्या बैठकीवर धूळ बसतेच. दाराच्या कप्प्यात तिचं टोपण असतं. ते घट्ट लावा आणि एक रात्र लॉक रिकामं ठेवा. मीटर थांबला तर दोष व्हॉल्व्हचा. टोपण तसंच राहू द्या आणि व्हॉल्व्ह बदलून मागा. तोपर्यंत लॉक वापरण्याआधी टोपण काढायची आठवण म्हणून दाराच्या दांड्याला लाल फीत बांधा. टोपण लावलेलं असलं तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा होत नाही, आणि दार ओढून उघडणार नाही.

चौथी तपासणी: सील साफ करणं

हा या नोंदीचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

इथली धूळ घरातल्या धुळीसारखी नाही. पृथ्वीवर वारा आणि पाणी कणांच्या कडा घासून गोल करतात. इथं दोन्ही नाहीत. अशनींच्या आघातानं खडक फुटतो, वितळतो, काच होते आणि फुटलेले तुकडे त्याच काचेनं एकमेकांना चिकटतात. सील काढून भिंगाखाली धरलं तर हे स्पष्ट दिसतं: काळ्या, चकचकीत काचेचे वेडेवाकडे तुकडे, प्रत्येकाला कड, काही रबरात अर्धे रुतलेले, आणि दार सरकताना ज्याला जागा मिळाली नाही त्याच्या मागे रबरावर ओढलेला चरा. मातीचा सरासरी कण केसाच्या जाडीच्या आसपास असतो, पण वजनानं दहा ते वीस टक्के माती २० मायक्रॉनहून बारीक असते. ती डोळ्यांना कणकण दिसत नाही, नुसता राखाडी रंग दिसतो. त्यावर विद्युतभारही असतो, म्हणून ती सूटला, रबराला, सगळ्याला चिकटते.

अपोलोच्या लोकांना हे पहिल्यांदा भोगावं लागलं. अपोलो १२ च्या पीट कॉनरॅड यांच्या सूटची गळती पहिल्या फेरीनंतर मिनिटाला ०.१५ पीएसआय (हे दाबाचं एक एकक) होती, दुसऱ्या फेरीनंतर ०.२५ झाली. मर्यादा ०.३० होती. आणखी एक-दोन फेऱ्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करा. मातीचे नमुने हवाबंद ठेवायला नेलेल्या डब्यांची सीलंही धुळीमुळे टिकली नाहीत. अपोलो १७ वर, डिसेंबर १९७२ मध्ये, हॅरिसन श्मिट यांचं नाक या धुळीनं सुजलं. म्हणून पहिला नियम: मास्क लावल्याशिवाय सीलला हात लावायचा नाही.

दुसरा नियम: बाहेरून आल्या आल्या साफसफाई सुरू करू नका. इथलं गुरुत्व पृथ्वीच्या एकषष्ठांश आहे, त्यामुळे लॉकमधली धूळ खाली बसायलाही तेवढाच जास्त वेळ घेते. हवा स्थिर असताना दहा मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला वीसेक मिनिटं लागतात, पाच मायक्रॉनच्या कणाला त्याच्या चौपट. लॉक भरा, पंखा बंद करा, आतलं दार बंदच ठेवा आणि दीड-दोन तास जाऊ द्या.

मग लॉक भरलेलं आहे आणि बाहेरचं दार बंद आहे, हे गेजवर आणि डोळ्यांनी बघून आतलं दार उघडा. मऊ ब्रशच्या तोंडाचा व्हॅक्यूम सीलवरून हळू फिरवा, दाब न देता, सगळीकडे एकाच दिशेनं. झाडू नाही, फुंकर नाही, दाबाची हवा तर मुळीच नाही. फुंकरीनं धूळ जागा बदलते, जात नाही, आणि तुमच्या फुप्फुसात जाते. व्हॅक्यूम झाल्यावर कमी चिकट टेप सीलवर ठेवायची, बोटानं हलकी दाबायची आणि सरळ वर उचलायची. ओढायची नाही. दर वेळी नवा तुकडा. टेप स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. टेप उजेडात धरून पाहा, तिच्यावर राखाडी रेघ दिसते आहे तोपर्यंत काम व्हायचं आहे.

कोरड्या कापडानं पुसणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. कापडाखाली काचेचे कण घासले जातात आणि सीलवर आडवे चरे पडतात. साफ दिसणारं, पण गळणारं सील असंच तयार होतं. टेपनंतर धागे न सुटणारं कापड स्वच्छ पाण्यात भिजवून पिळून घ्या आणि एकदाच, हलक्या हातानं पुसा. समोरची धातूची कडाही तशीच, कारण सील तिच्यावरच बसतं आणि तिथली धूळ लोक विसरतात. खालचा उंबरा दोनदा करा.

मग ग्रीस. लॉकच्या पेटीत मिळतं ते पांढरं फ्लोरिनयुक्त ग्रीसच, बोटाच्या टोकावर मावेल एवढं, सीलवर नुसती चकाकी येईपर्यंत. जास्त लावलं तर तेच धूळ धरून ठेवतं. खोबरेल तेल, व्हॅसलीन, यंत्राचं तेल काहीही लावू नका. एक तर त्यानं रबर खराब होतं. दुसरं, आपल्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण पृथ्वीपेक्षा जास्त आहे आणि तेल पटकन पेटतं. याच कारणानं गळती शोधायला उदबत्ती किंवा निरांजन लावणं पूर्ण बंद. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या कुपीत शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग लागून तिघे गेले. आपल्या हवेत तेवढा ऑक्सिजन नाही, पण आग पृथ्वीपेक्षा वेगानं पसरते.

आता दार लावा, नेहमीच्या जोरानं. दांडा शेवटपर्यंत न करकरता गेला पाहिजे. दोन रात्रींची चाचणी पुन्हा करा. दहातली बहुतेक घरं इथं सुटतात.

पाचवी तपासणी: गळतीची जागा आणि दोन सीलांमधली तोटी

साफ करूनही मीटर चालत असेल तर जागा शोधायची. साबणाचं पाणी दारावर लावून फुगे शोधणारे असतात, पण घराच्या बाजूनं ते चालत नाही. फुगा कमी दाबाच्या बाजूला येतो, आणि इथं ती बाजू लॉकची आहे. साबणाचं पाणी घरातल्या गॅसच्या नळ्यांच्या सांध्यांना चांगलं, दाराला नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर झ्वेझ्दा भागातली गळती शोधताना चहाची पत्ती हवेत सोडून ती कुठं जाते ते पाहिलं होतं. इथं गुरुत्व आहे, पत्ती खाली पडते, म्हणून टिश्यूची पट्टी किंवा रेशमाचा सुटा धागा. नाहीतर भांडारातून अल्ट्रासॉनिक शोधक आणा. बारीक फटीतून सुटणारी हवा माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज करते, तो हेडफोनमध्ये फुसफुस असा ऐकू येतो. पंखा, फ्रीज बंद करून चौकटीभोवती दोनदा फिरवा आणि आवाज मोठा होतो तिथं खडूनं खूण करा.

मग दाराच्या खालच्या बाजूची तपासणीची तोटी. दाराला एकात एक अशी दोन सीलं असतात आणि त्यांच्यामधल्या खाचेत ही तोटी उघडते. लॉक रिकामं करा, तोटीला हातपंपाचा गेज लावा आणि मधली खाच घरच्या दाबाइतकी भरा. आकडा पंधरा मिनिटांत उतरला तर बाहेरच्या बाजूचं, म्हणजे लॉककडचं सील गळतं. आता खाच पंपानं रिकामी करा. गेज हळूहळू चढला तर घराकडचं सील गळतं आहे, कारण घरातली हवा आत शिरते आहे. एकच गळत असेल तर घाबरायचं कारण नाही, दुसरं सील दार सांभाळून आहे. नवं सील मागवा आणि तोपर्यंत लॉक शक्यतो भरलेलं ठेवा. दोन्ही गळत असतील तर लॉक रिकामं ठेवणं ताबडतोब बंद करा आणि फोन करा.

सहावी तपासणी: सील बदलणं

आतल्या दाराचं घराकडचं सील घरी बदलता येतं, पण दोन माणसं हवीत, लॉक भरलेलं हवं, आणि बाहेरच्या दाराच्या दांड्याला कुलूप व पाटी हवी. त्यातला एक माणूस काम संपेपर्यंत फक्त लॉकच्या गेजकडे बघणार. हे जमत नसेल तर इथंच थांबा.

जुनं सील लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा. स्क्रू-ड्रायव्हर घातलात तर खाचेला ओरखडा पडेल आणि तो ओरखडा सीलपेक्षा महाग आहे. खाच साफ करून तिच्यावरून नख फिरवा. सीलच्या दिशेनं जाणारी रेघ सहसा चालते. आतून बाहेर जाणाऱ्या रेघेत नख अडकलं तर ती हवेची वाट आहे, आणि ती धातू घासल्याशिवाय बुजत नाही. काम तिथंच सोडा. खाच चांगली असेल तर रात्रभर घरात ठेवून उबदार झालेलं नवं सील घ्या. आधी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे बसवा, मग मधल्या जागा, मग त्यांच्या मधल्या. एका टोकापासून ओढत नेलंत तर शेवटी रबर उरतं किंवा पुरत नाही, आणि ताणलेलं रबर काही दिवसांत आखडून गळायला लागतं.

ठरावीक दिवसांनीच येणारी गळती

काही घरांत सगळं साफ, सील नवं, तरी महिन्यातले काही दिवस मीटर फिरतो आणि मग आपोआप थांबतो. तारखा लिहिल्या तर त्यांच्यामध्ये साडेएकोणतीस दिवसांचं अंतर निघतं. इथं सूर्य डोक्यावर येत नाही, क्षितिजाला टेकून साडेएकोणतीस दिवसांत एक फेरी मारतो. त्या फेरीत तुमच्या लॉकच्या चौकटीची एकच बाजू काही दिवस उन्हात असते आणि दुसरी सावलीत गोठलेली असते. एक मीटर ॲल्युमिनियम ६० अंशांच्या फरकाला जवळजवळ १.४ मिलिमीटर वाढतं. चौकटीची एक बाजू वाढली आणि दुसरी नाही, तर चौकट तिरपी होते.

यासाठीच चौकटीवर मातीच्या पिशव्या रचलेल्या असतात. माती किती उष्णता अडवते, हे चंद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरच्या चेस्ट उपकरणानं २०२३ मध्ये मोजलं होतं: पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर, आणि अवघ्या आठ सेंटीमीटर खाली उणे दहा अंश. त्यामुळे एखादी पिशवी घसरून चौकटीचा वीतभर भाग उघडा पडला तरी फरक पडतो. बाहेर जाल तेव्हा चौकटीचा फोटो काढा आणि जुन्या फोटोशी ताडून पाहा. पिशव्या स्वतः उचलू नका, त्यांच्यामागे केबल आहेत. चौकट सरळ करणं, बाहेरचं सील, रिकामं करायचा व्हॉल्व्ह, भिंतीतले सांधे आणि ऑक्सिजनचं काहीही: ही सगळी मेंटेनन्सचीच कामं.

टेप लावून वेळ मारून नेता येते का, असं बरेच विचारतात. भिंतीला छिद्र पडलं आणि लोक यायला वेळ आहे, तर आतून लावलेली टेप उपयोगी पडते, कारण हवेचा दाबच तिला भिंतीवर दाबून धरतो. ऑगस्ट २०१८ मध्ये अवकाश स्थानकाला जोडलेल्या सोयुझमधलं दोन मिलिमीटरचं छिद्र आधी टेपनंच झाकलं, मग इपॉक्सीनं बुजवलं. दाराच्या सीलवर मात्र टेप नको. ती खटक्यात अडकते आणि आत अडकलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही.

फोन करताना तयार ठेवायचं

फोन करण्याआधी पुढचं सगळं एका कागदावर लिहा. दोन्ही रात्रींचे मीटरचे आकडे आणि लॉकच्या गेजचे आकडे, त्या वेळी खोलीचं तापमान, घरात किती माणसं होती, ऑक्सिजनचा दाब किती होता, शेवटचं बाहेर कधी गेलात, तोटीच्या चाचणीत गेज किती मिनिटांत किती हलला, आणि चौकटीचा फोटो. हे हातात असलं तर येणारा माणूस योग्य सील आणि योग्य हत्यार घेऊन येतो. नाहीतर त्यालाही आधी त्या दोन रात्रींची चाचणी करावी लागते, आणि तेवढे दिवस तुमचा नायट्रोजन बाहेर जात राहतो. काम झाल्यावर त्याच कागदावर दुरुस्तीनंतरच्या दोन रात्रींचे आकडे लिहा आणि कागद दाराच्या कप्प्यात ठेवा.